छोट्या फंक्शन्सची लायब्ररी : कापूस, सातबारा आणि लाख-कोटी

प्रोग्रॅमिंगची पायाभरणी : भाग ९

वारंवार लागणाऱ्या छोट्या फंक्शन्सच्या संग्रहाला युटिलिटी लायब्ररी म्हणतात. तिच्यातले प्रत्येक फंक्शन एकच काम करते : क्विंटलचे किलो करणे, रकमेत स्वल्पविराम घालणे, नावातल्या जादा मोकळ्या जागा काढणे. एकेकटी पाहिली तर ही कामे किरकोळ आहेत. पण पावती, यादी, तक्ता असा कोणताही प्रोग्रॅम लिहायला घेतला की ती हटकून पुढे येतात. दर वेळी नव्याने लिहिली तर दर ठिकाणी थोडी वेगळी लिहिली जातात आणि एक चूक दहा फायलींत शोधावी लागते. एकदाच नीट लिहून एका जागी ठेवली, तर चूकही एकाच जागी दुरुस्त होते.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्याच्यासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर उपप्रोग्रॅमांचा संग्रह उभारला. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशा कामांची फीत काढायची आणि आपल्या प्रोग्रॅमच्या फितीत तिची नक्कल उतरवायची, अशी पद्धत होती. या तिघांचे १९५१ मधले पुस्तक मुख्यतः याच संग्रहावर आधारलेले आहे. प्रत्येक उपप्रोग्रॅमसोबत तो काय घेतो, काय देतो आणि कोणत्या मर्यादेत चालतो याचे वर्णन लिहिलेले असे. आजच्या लायब्ररीलाही याहून वेगळे काही लागत नाही.

शिकणाऱ्यासाठी हा सराव विशेष मोलाचा आहे. मोठा प्रोजेक्ट हाती घेतला तर स्क्रीन, डेटाबेस, लॉगिन यांतच वेळ जातो आणि फंक्शनचा विचार मागे पडतो. लायब्ररीत फंक्शनखेरीज दुसरे काही नसते. दहा ओळींच्या कामातही नाव, इनपुट, आउटपुट, मर्यादा आणि चाचणी या पाचही गोष्टींचा निर्णय घ्यावा लागतो. मात्र उदाहरणे पुस्तकातली घेण्यापेक्षा परिसरातली घ्यावीत, कारण अशा उदाहरणाचे उत्तर बरोबर आहे की चूक हे विद्यार्थ्याला कोणाला न विचारता कळते. यवतमाळच्या किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला, तंत्रनिकेतनातला विद्यार्थी कापसाचे वजन, हमीभाव आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र घरातच पाहत असतो. या भागातली लायब्ररी त्याच साहित्यातून बांधली आहे. भाषा पायथॉन धरली आहे. पायथॉन ३ मध्ये फंक्शनचे नाव देवनागरीत लिहिता येते, म्हणून येथील नावे तशीच ठेवली आहेत. भाषेचे राखीव शब्द आणि प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेले आकडे मात्र रोमन लिपीतच लागतात.

मोजमापांची फंक्शन्स

सर्वांत सोपे फंक्शन क्विंटल_ते_किलो. इनपुट १०० ने गुणायचे आणि उत्तर परत द्यायचे. एवढ्याशा कामातही एक नियम पाळायचा असतो : फंक्शनने उत्तर परत द्यावे, स्क्रीनवर छापू नये. छापलेला आकडा माणसाला दिसतो, पण दुसऱ्या फंक्शनला वापरता येत नाही. परत दिलेला आकडा पुढे बेरजेत जातो, फाइलमध्ये जातो, हवा तेव्हा छापलाही जातो.

दुसरे उदाहरण कापसाच्या गाठींचे. भारतात रुईची एक गाठ १७० किलोची धरतात. म्हणून १०० क्विंटल कापसाच्या गाठी किती, असा प्रश्न आला की १०,००० ला १७० ने भागण्याचा मोह होतो. उत्तर ५८ च्या पुढे येते आणि ते साफ चूक असते. गाठ रुईची असते. बाजारात येतो तो सरकीसकट कापूस. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर सुमारे एक तृतीयांश वजनाची रुई उरते. हा उतारा ३४ टक्के धरला तर १०० क्विंटल कापसातून ३,४०० किलो रुई निघते आणि बरोबर २० गाठी होतात.

म्हणजे हे निव्वळ एककांचे रूपांतर नाही, त्यात उताऱ्याची माहिती लागते. ती फंक्शनच्या पोटात ३४ असा आकडा लिहून दडवली, तर उतारा बदलल्यावर उत्तर गुपचूप चुकेल. म्हणून फंक्शनला दोन इनपुट हवेत : गाठी_किती(कापूस_क्विंटल, उतारा_टक्के). १७० मात्र स्थिर आहे; तो फाइलच्या डोक्यावर नाव देऊन एकदाच लिहावा. बदलणारी गोष्ट इनपुटमध्ये आणि न बदलणारी नाव दिलेल्या स्थिरांकात, हा भेद येथे स्पष्ट होतो.

सातबाऱ्यावरच्या क्षेत्राने पुढचा धडा मिळतो. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने ‘१.२५.००’ असे लिहिलेले असते : एक हेक्टर, पंचवीस आर. दोन ठिपके असलेली ही नोंद संख्या नसून मजकूर आहे. तिचे ठिपक्यांवर तीन तुकडे करावे लागतात. मग हेक्टरचे १०,००० आणि आरचे १०० चौरस मीटर धरून बेरीज केली की १२,५०० चौरस मीटर मिळतात. लायब्ररीच्या आत सगळी क्षेत्रे याच एका एककात ठेवावीत. हेक्टर, एकर, गुंठा या तिन्हींची एकमेकांत थेट रूपांतरे लिहिली तर सहा फंक्शन्स होतात. मध्ये चौरस मीटर ठेवले की प्रत्येक एककाला एक ‘आत’ आणि एक ‘बाहेर’ पुरते. तीन एककांना फरक पडत नाही, पण सहा एकके झाली की तिसाऐवजी बारा फंक्शन्समध्ये काम भागते.

गावातला व्यवहार एकरात चालतो, म्हणून बाहेर पडताना एकर आणि गुंठे हवेत. एक एकर ४,०४६.८६ चौरस मीटरचा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. १२,५०० चौरस मीटर म्हणजे ३ एकर ३.५५ गुंठे. हे उत्तर दोन वेगळ्या आकड्यांच्या जोडीने द्यावे. ३ एकर २० गुंठे हे क्षेत्र ३.२० असे एका दशांश संख्येत कोंबले तर संगणक ते ३.२ एकर समजतो. प्रत्यक्षात ते साडेतीन एकर असते.

याच फंक्शनमध्ये एक लपलेली चूक असते. ‘१.२१.४०’ म्हणजे १२,१४० चौरस मीटर. तीन एकराला हे क्षेत्र जेमतेम अर्ध्या चौरस मीटरने कमी पडते. आधी पूर्ण एकर वेगळे काढले तर २ एकर आणि ३९.९९४ गुंठे उरतात. गुंठे पूर्णांकात आणले की उत्तर येते ‘२ एकर ४० गुंठे’. असे क्षेत्र कोणी लिहीत नाही. उपाय क्रम उलटवण्याचा आहे : आधी सगळे क्षेत्र गुंठ्यांत न्यावे, ते १२० असे पूर्णांकात आणावे आणि नंतर ४० ने भागून एकर वेगळे काढावेत. मग ३ एकर ० गुंठे मिळतात. मिनिटे-सेकंद, रुपये-पैसे, क्विंटल-किलो अशा प्रत्येक जोडीला हाच नियम लागू पडतो : पूर्णांक आधी, फोड नंतर.

भावाचे फंक्शन

लायब्ररीतले सर्वांत शिकवणारे फंक्शन हमीभावाचे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव मिळतो. त्यावर प्रत्येक टक्क्यामागे भाव एक टक्क्याने कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर खरेदी होत नाही. त्यानुसार ९ टक्क्यांना ७,४४५.७९, १० ला ७,३७०.५८, ११ ला ७,२९५.३७ आणि १२ टक्क्यांना ७,२२०.१६ रुपये भाव येतो.

पहिला निर्णय इनपुटचा. हमीभाव दर हंगामाला बदलतो. २०२५-२६ साठी तो ८,११० रुपये झाला. म्हणून भाव बाहेरून यायला हवा. ८ आणि १२ या मर्यादाही नाव देऊन वेगळ्या लिहाव्यात, म्हणजे नियम बदलला तर शोधाशोध होत नाही.

दुसरा निर्णय १२ टक्क्यांच्या वरचा. अशा वेळी फंक्शनने काय परत द्यावे? नवशिका बहुधा शून्य परत देतो, आणि हे शून्य घातक असते. ‘खरेदी होत नाही’ आणि ‘भाव शून्य रुपये’ या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य परत गेले तर पुढचे फंक्शन त्याला वजनाने गुणते, बेरीज करते, सरासरी काढते. कोठेही तक्रार येत नाही आणि महिन्याच्या तक्त्यात सरासरी भाव घसरलेला दिसतो. येथे फंक्शनने त्रुटी उठवावी आणि तिच्या संदेशात कारण लिहावे : ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त. ओलावा उणे आला किंवा १०० च्या वर गेला तर ती टायपिंगची चूक आहे. त्यासाठी वेगळा संदेश हवा. जे फंक्शन स्वतःला न झेपणारे काम नाकारते, त्याच्यावरच पुढच्या फंक्शन्सना विसंबता येते.

तिसरा निर्णय पैशांच्या अचूकतेचा. संगणक दशांश संख्या द्विमान पद्धतीत साठवतो. त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, शेवटच्या अंकात अगदी सूक्ष्म फरक राहतो. यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवणे. ७,५२१ रुपये म्हणजे ७,५२,१०० पैसे. ओलावाही टक्क्याच्या दहाव्या भागात घ्यावा : ९.५ टक्के म्हणजे ९५. इनपुटच्या नावातच एकक लिहिले, भाव_पैसे आणि ओलावा_दशांश असे, तर चुकून ९५ टक्के समजण्याचा धोका राहत नाही.

आता ९.५ टक्के ओलाव्याला वजावट दीड टक्का धरून भाव काढला तर ७,४०,८१८.५ पैसे येतात. हा अर्धा पैसा वर न्यायचा की खाली? शाळेत शिकवलेल्या रीतीने तो वर जातो आणि ७,४०,८१९ होतात. पायथॉनचे आयते राउंड फंक्शन मात्र नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे वळते आणि ७,४०,८१८ देते. दोन्ही रीती जगात वापरल्या जातात, पण आपल्या लायब्ररीत कोणती चालते हे लिहून ठेवावे लागते.

शिवाय पूर्णांकात कोणत्या टप्प्यावर आणायचे, हाही प्रश्न आहे. १८.४० क्विंटल कापसाची रक्कम काढताना भाव आधी पूर्णांकात आणून मग गुणला तर १,३६,३१०.७० रुपये येतात. अर्धा पैसा तसाच ठेवून शेवटी एकदाच पूर्णांकात आणले तर १,३६,३१०.६० येतात. एका पावतीवर फरक दहा पैशांचा आहे, पण शंभर पावत्यांची बेरीज आणि एकूण रक्कम यांचा मेळ बसेनासा होतो. हिशेबाच्या मधल्या टप्प्यांवर अचूकता राखावी आणि पूर्णांकात आणण्याचे काम अखेरीस करावे, हा सर्वसाधारण नियम. बाजाराची रीत क्विंटलचा भाव आधी पैशांत पक्का करण्याची असेल तर फंक्शनने ती रीत पाळावी. दोन्हींपैकी एक जाणीवपूर्वक निवडलेली असली म्हणजे झाले.

आकडे दाखवणारी फंक्शन्स

पायथॉनमध्ये संख्येत स्वल्पविराम घालण्याची सोय आहे, पण ती तीन-तीन अंकांचे गट पाडते. लाख-कोटीच्या रीतीत उजवीकडचे तीन अंक एकत्र राहतात आणि पुढे दोन-दोनांचे गट पडतात. हे काम करणारे फंक्शन स्वतः लिहिणे हा उत्तम सराव आहे. संख्येचा मजकूर करायचा, शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांतून उजवीकडून दोन-दोन उचलायचे आणि सगळे स्वल्पविरामाने जोडायचे. १२३४५६७ चे १२,३४,५६७ झाले की फंक्शन पूर्ण झाल्यासारखे वाटते.

मग उणे १०० देऊन पाहावे. उणे चिन्ह धरून मजकूर चार अक्षरांचा होतो. शेवटची तीन बाजूला काढली की पुढे केवळ उणे चिन्ह उरते आणि उत्तर येते ‘-,१००’. उणे १,५०० ला चूक दिसत नाही, कारण तेथे चिन्हाच्या सोबतीला एक अंक असतो. म्हणजे ही चूक काही संख्यांनाच उघडी पडते आणि बाकीच्यांना लपून राहते. उपाय सोपा आहे : चिन्ह आधी वेगळे काढावे, गट पाडावेत आणि शेवटी चिन्ह पुन्हा लावावे.

देवनागरी अंकांची बाबही येथेच पाहावी. युनिकोडमध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक ओळीने एकापुढे एक आहेत, म्हणून रोमन अंकातून देवनागरीत जाण्यासाठी प्रत्येक अंकाच्या क्रमांकात एक ठरावीक फरक मिळवला की पुरते. उलट दिशेने पायथॉन स्वतःच मदत करतो : ‘१२३’ हा मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला तर तो एकशे तेवीस ओळखतो. जावास्क्रिप्टचे आयते नंबर फंक्शन ते ओळखत नाही आणि ‘संख्या नाही’ असे उत्तर देते. एकाच कामाबद्दल दोन भाषांचे वागणे असे वेगळे असते, म्हणून भाषेचे वागणे गृहीत न धरता तपासून पाहावे.

अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते, हेही याच विभागात शिकावे. यवतमाळचा पिनकोड ४४५००१, पुसदचा ४४५२०४, वणीचा ४४५३०४. त्यांची बेरीज किंवा सरासरी कधीच काढायची नसते, म्हणून ते मजकूर म्हणून साठवावेत. पिनकोड_बरोबर_आहे_का हे फंक्शन दोनच गोष्टी तपासते : अंक सहा आहेत आणि पहिला अंक शून्य नाही. असे फंक्शन होय किंवा नाही एवढेच उत्तर देते. तो पिनकोड खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही, आणि त्याच्या वर्णनात तसे लिहिलेले असावे.

मराठी मजकुराची फंक्शन्स

मजकूर उलटा करणे हा जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय आहे. रोमन अक्षरांवर तो एका ओळीत होतो. पण ‘यवतमाळ’ दिले की उत्तर ‘ळामतवय’ येते. अपेक्षित उत्तर ‘ळमातवय’ असते. कारण युनिकोडमध्ये ‘मा’ हे एक चिन्ह नसून म आणि काना अशी दोन चिन्हे आहेत. उलटताना काना म ला सोडून ळ ला चिकटतो. लांबी मोजली तरी तेच होते : वाचणारा यवतमाळमध्ये पाच अक्षरे मोजतो आणि पायथॉन सहा, पांढरकवडामध्ये वाचणारा सहा मोजतो आणि पायथॉन नऊ. मराठीसाठी अक्षरे_वेगळी_करा हे फंक्शन पायाचे ठरते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही चिन्हे आधीच्या अक्षराला जोडायची. हलन्त चिन्हानंतर व्यंजन आले तर तेही त्याच अक्षरात धरायचे. मग उलटणे, मोजणे, ठरावीक रुंदीत बसवणे ही सगळी कामे या एका फंक्शनवर उभी राहतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांची तुलना केल्यावर ती वेगळी ठरवतो. यादीत असलेले नाव शोधूनही सापडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. युनिकोडने यासाठी प्रमाणित रूपे ठरवली आहेत आणि पायथॉनमध्ये त्यांचे आयते मॉड्यूल आहे. नाव_स्वच्छ_करा या फंक्शनने मजकूर प्रमाणित रूपात आणावा, दोन टोकांच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि मधल्या अनेक जागांची एक करावी.

तालुक्यांच्या नावांना तेवढेही पुरत नाही. ‘झरी जामणी’ आणि ‘झरी-जामणी’ एकच, आणि केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा असल्याने लोक तालुक्याला दोन्ही नावांनी ओळखतात. हे ज्ञान नियमांत बसत नाही. त्यासाठी पर्यायी नाव आणि प्रमाण नाव यांची एक सारणी लागते. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत, म्हणून ती सारणी हाताने लिहिणे हाच योग्य मार्ग. कोठे नियम लिहावा आणि कोठे यादी, हा विवेक अशा छोट्या कामांतून येतो.

चाचण्या, वर्णन आणि मांडणी

प्रत्येक फंक्शनसोबत त्याच्या चाचण्या लिहाव्यात. चाचणी म्हणजे ठरलेले इनपुट, अपेक्षित उत्तर आणि दोन्हींची तुलना. अपेक्षित उत्तर हाताने काढलेले असावे; फंक्शन चालवून मिळालेले उत्तर चाचणीत उतरवले तर चूकच प्रमाण ठरते. इनपुट निवडताना नियम जेथे बदलतो ती सीमा आणि तिच्या दोन्ही बाजू घ्याव्यात. भावाच्या फंक्शनसाठी ८, ८.१, १२ आणि १२.१ टक्के, स्वल्पविरामांसाठी ०, ९९९, १०००, ९९९९९, १००००० आणि उणे १००. त्रुटी उठली पाहिजे तेथे ती उठते, याचीही चाचणी हवी. पुढे नवी चूक सापडली की आधी ती दाखवणारी चाचणी लिहावी आणि नंतर फंक्शन दुरुस्त करावे, म्हणजे तीच चूक पुन्हा शिरत नाही.

वर्णन फंक्शनच्या सुरुवातीलाच दोन-चार ओळींत लिहावे : काय घेते, कोणत्या एककात घेते, काय देते, केव्हा नाकारते. फंक्शन आतून कसे चालते हे वाचणाऱ्याला कोडमध्ये दिसते. त्यामागचा निर्णय दिसत नाही, म्हणून अर्ध्या पैशाचे काय केले हे वर्णनात यायला हवे.

मांडणीसाठी मोजमाप, भाव, आकडे आणि मजकूर अशा चार फायली पुरतात. पायथॉनमध्ये प्रत्येक फाइल हे एक मॉड्यूल असते. ‘इतर’ नावाची फाइल करू नये, कारण तिच्यात कशालाही जागा मिळते आणि काहीच सापडत नाही. आवृत्तीला तीन भागांचा क्रमांक देण्याची रूढ पद्धत आहे : चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवावा, नवे फंक्शन घातले तर मधला, आणि जुने फंक्शन वेगळे वागू लागले तर पहिला. रुपये घेणारे फंक्शन पैसे घेऊ लागले, तर पहिलाच आकडा वाढायला हवा.

तयार लायब्ररीचा विवेक

यांतली बरीच कामे करणाऱ्या लायब्ररी आयत्या मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये २००९ मध्ये अंडरस्कोर आणि २०१२ मध्ये लोडॅश आली. आजच्या ब्राउझरमध्ये मराठीची निवड केली तर लाख-कोटीचे गट आणि देवनागरी अंकही आयतेच मिळतात. प्रत्यक्ष कामात तारखा, कूटलेखन, युनिकोडची प्रमाणित रूपे यांसाठी अनेकांनी पारखलेली लायब्ररीच वापरावी. पण प्रत्येक चार ओळींसाठी बाहेर धाव घेणेही धोक्याचे असते. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. मजकुराच्या डावीकडे ठरावीक रुंदीपर्यंत चिन्हे भरणे एवढेच त्याचे काम होते. तरीही त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट जगभर अडले, आणि ते पॅकेज भांडाराला पुन्हा उपलब्ध करून द्यावे लागले.

स्वतः लायब्ररी लिहून पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा विवेक करणे सोपे जाते. आयती लायब्ररी समोर आली की तो तिला तेच प्रश्न विचारतो, जे त्याने स्वतःच्या फंक्शनला विचारलेले असतात : एकक कोणते, अर्ध्याचे काय होते, उणे संख्या चालते का, नकार कसा मिळतो, चाचण्या कोठे आहेत. या प्रश्नांची उत्तरे देणारी पंधरा-वीस फंक्शन्स चाचण्यांसह तयार झाली की हा स्वाध्याय पूर्ण झाला. पुढील भागात याच लायब्ररीच्या आधारे कापूस विक्रीच्या पावतीचा संपूर्ण प्रोग्रॅम लिहिला जाईल.